पाळी जाण्याआधीच्या वर्षांचं काय?

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका गावात बचत गटाची मासिक बैठक चालू होती. हिशेबात १,४०० रुपये कमी येत होते. गटाच्या खजिनदार आक्का. सातवीपर्यंत शिकलेल्या, पण नऊ वर्षं त्यांच्या वहीत एका रुपयाची चूक कुणाला सापडली नव्हती. त्या दिवशी त्या वही पुढं-मागं उलटत राहिल्या. घाम फुटला. मग एकदम एका सदस्येवर ओरडल्या. बैठकीत शांतता पसरली आणि त्या शांततेत सगळ्यांच्या मनात एकच शब्द आला. तो कुणी उच्चारला नाही, एवढंच.

पुढच्या महिन्यात वही दुसरीकडे गेली. नंतर ते १,४०० रुपये सापडले. पैसे नव्हे, नोंद सापडली. ती पुढच्या पानावर भलत्याच रकान्यात लिहिली गेली होती. पण तोवर गावात व्हायचं ते बोलणं होऊन गेलं होतं.

त्या काळात आक्का माझ्याशी खूप बोलायच्या. "ताई, आकडे डोळ्यांपुढं असतात, पण डोक्यात शिरत नाहीत." "ताई, रात्री तीनला जाग येते, काळीज धडधडतं, वाटतं आता मी जाते." "खांदा वर जात नाही, झंपर घालायला लेकीला हाक मारावी लागते." "अंगावर मुंग्या चालल्यासारखं होतं, बघावं तर काही नाही." मी ऐकत होते. ऐकण्याचं शिक्षण घेतलेली बाई आहे मी, एम.एस.डब्ल्यू. केलंय. माझ्या नोंदवहीत मी लिहिलं: मानसिक ताण, मुलीच्या लग्नाची काळजी, गटात अपमान. सगळं खरंच होतं. आणि तरीही मी काहीच ऐकलं नव्हतं.

आक्कांचं वय तेव्हा ४२. पाळी एका महिन्यात वीस दिवसांनी यायची, तर पुढची दीड-दोन महिन्यांनी. आली की घड्या पुरायच्या नाहीत. हेही त्यांनी सांगितलं होतं. पण ते मी वेगळ्या रकान्यात लिहिलं होतं. आक्कांच्या वहीत झाली तशीच चूक माझ्या वहीतही झाली होती. फरक एवढाच की माझ्यावर कुणी संशय घेतला नाही.

पुढची दोन वर्षं आक्का डॉक्टरांची दारं फिरल्या. धडधडीसाठी एकाकडे, खांद्यासाठी दुसऱ्याकडे, खाजेसाठी तिसऱ्याकडे. एकानं झोपेच्या गोळ्या दिल्या, एकानं मलम, एकानं ताकदीची सलाईन लावली. शेवटी तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "पिशवीला सूज आहे, गाठ आहे. मुलं झालीत ना? मग ठेवायची कशाला? उद्या कॅन्सर झाला म्हणजे?" खर्च ३५,००० रुपये. आक्कांनी गटाकडे कर्ज मागितलं. त्या अर्जावर शिफारस कुणाची होती? माझी.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर कागद मी वाचला. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले होते. आक्कांना ते कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर नव्हतंच. त्यानंतर अंगातून वाफा सुरू झाल्या, त्या आधी कधी नव्हत्या. झोप पार गेली. खांदा होता तसाच राहिला. काळजाची धडधड तशीच राहिली. ज्या दुखण्यांसाठी बाई दवाखान्याची पायरी चढली, त्यातलं रक्तस्राव सोडून एकही दुखणं पिशवीत नव्हतंच!

हा लेख मी आक्कांवर उपकार म्हणून लिहीत नाही. आपल्या चळवळीशी भांडण म्हणून लिहिते आहे, आणि त्या भांडणात पहिली आरोपी मीच आहे.

आपल्याला जे कुणी शिकवलंच नाही

पाळी कधी येते, का येते हे आपण आता मुलींना शाळेत सांगतो. बाळंतपणावर तक्ते आहेत, फिल्मा आहेत. कुटुंब नियोजनावर तर सरकारनं भिंतीच्या भिंती रंगवल्या. पण पाळी जाण्याच्या आधीची चार ते आठ वर्षं? त्यांच्यावर माझ्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एक तासही नव्हता. बाईच्या शरीराची दखल मूल होण्यापुरतीच. ते काम संपलं की बाई म्हणजे मोडीत काढलेलं यंत्र.

भारतातल्या बायकांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते. पाश्चात्य देशांत हेच वय ५१च्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडे बदल चाळिशीच्या सुरुवातीला, कुणाकुणाला त्याही आधी सुरू होतात. या काळात अंडाशयांतून येणारं इस्ट्रोजेन हळूहळू सरळ रेषेत कमी होत नाही. ते उसळतं, पडतं, पुन्हा उसळतं. आणि इस्ट्रोजेनचं काम फक्त पिशवीत चालत नाही. मेंदू, हाडं, सांधे, कातडी, रक्तवाहिन्या, लघवीचा मार्ग, सगळीकडे त्याचा हात असतो. म्हणून तक्रारी अंगभर विखुरतात आणि एकमेकींशी त्यांचं काही नातं आहे असं वाटतच नाही.

अंगातून वाफा येणं बहुतेकींना ऐकून माहीत असतं. पण वाफा न येताही हा काळ सुरू झालेला असू शकतो. कमी माहीत असलेली लक्षणं अशी: नावं, आकडे, कामं विसरणं, बोलताना नेमका शब्द न सापडणं. पहाटे दोन-तीनला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं. कारण नसताना भीती, रडू, किंवा आधी कधी नव्हता असा संताप. छातीत धडधड. सकाळी उठताना बोटं, गुडघे, टाचा आखडणं, खांदा धरणं. अंगाला खाज, मुंग्या. जिभेची आग, तोंडाला कोरड. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं. कानात आवाज येणं, चक्कर, पाळीच्या आगेमागे डोकेदुखी. वारंवार उन्हाळी लागणं, लघवी लागली की दम न निघणं. योनीमार्ग कोरडा पडून संबंधाच्या वेळी दुखणं. आणि पाळीचं लांबणं, जवळ येणं, धो धो जाणं.

ही सगळी एकाच बाईला होत नाहीत. आणि चाळिशीनंतरचं प्रत्येक दुखणं याच खात्यात टाकायचं असंही नाही. थायरॉईड, रक्त कमी असणं, साखर, रक्तदाब यांची लक्षणं यांच्याशी इतकी मिळतीजुळती असतात की ते आधी तपासलेच पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच आहे, की बाईनं आणि तिचं ऐकणाऱ्या कार्यकर्तीनं हे सगळं एका कागदावर, एकाच रकान्यात लिहावं. मग चित्र दिसतं.

नाव नसलं की दुसरे नाव ठेवतात

दुखण्याला नाव नसलं की बाईला नावं ठेवली जातात. घरी 'हिचं डोकं फिरलंय'. सासरी 'अंगात आलंय, बाहेरचं बघा'. कामावर 'कामचुकार'. गटात 'हिशेबात गडबड करते'. माझी आई शिक्षिका होती. मी दहावीत असताना ती कपडे वाळत घालता घालता रडायची, फळ्यावर लिहिताना शब्द विसरायची, घरी येऊन भांडी आपटायची. आम्ही सगळे तिला 'तापलेला तवा' म्हणायचो. हसायचो. तिचं वय तेव्हा ४४ होतं. हे गणित मी गेल्या दोन वर्षांत मांडलं.

आणि डॉक्टर? त्यांच्याकडे दोन खण आहेत. एकावर लिहिलंय 'टेन्शन', दुसऱ्यावर 'पिशवी'. पैसे नसलेल्या बाईला पहिला, कर्ज काढू शकणाऱ्या बाईला दुसरा.

हे मी रागानं लिहितेय असं वाटेल, म्हणून आकडे देते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे दर सहा जणींत एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. खाडा पडला की पैसे कापतात. फडात ना संडास, ना पाणी, ना बाजूला व्हायला आडोसा. अशा ठिकाणी पाळी म्हणजे तोटा. बेभरवशाची, धो धो जाणारी पाळी म्हणजे दुप्पट तोटा. मग 'काढून टाका' हा सल्ला बाईला सुटका वाटला तर नवल काय? त्यातल्या कित्येकींना खरं तर गोळ्या, रक्तवाढीचं औषध आणि आठवडाभराची भरपगारी रजा हवी होती.

हे फक्त आपल्याकडेच नाही. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच अनावश्यक ऑपरेशनांबद्दलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश झाला. त्यांत राष्ट्र, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आहेत. आपल्या जिल्ह्यातली समिती कोणती, ती कधी भरली, हे आपल्यापैकी किती संघटनांनी विचारलं?

१९९४ मध्ये शिरूरच्या संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, तेव्हा आमच्या आधीच्या पिढीतल्या मैत्रिणींनी आवाज उठवला. मुलींची पाळी सांभाळणं अवघड म्हणून गर्भाशय काढायचं, हा तर्क त्यांनी मान्य केला नाही. मग चाळिशीतल्या शहाण्यासुरत्या बाईच्या बाबतीत तोच तर्क आपण कसा मान्य करतो? आणि वर त्यासाठी गटातून कर्ज देतो?

दोन आक्षेप

हे बोलायला लागले की संघटनेतल्या मैत्रिणी दोन गोष्टी म्हणतात.

पहिली: "पूर्वी कुठं होतं हे सगळं? आमच्या आया-आज्यांनी नाही काढलं?" काढलं. पण त्यांना कुणी विचारलं होतं का? ज्या आजीला 'झपाटलंय' म्हणून अंगारे लावले, जिची सवत आणली, जी माजघरात तोंड मिटून पडून राहिली, तिच्या दुखण्याची नोंद कुठल्या वहीत सापडणार? सोसलं याचा अर्थ नव्हतं असा होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: "नैसर्गिक गोष्टीला आजार करून औषध कंपन्यांचा धंदा कशाला वाढवायचा?" नेट-एन आणि डेपो-प्रोव्हेराविरुद्ध लढलेल्या चळवळीला हार्मोन या शब्दाचा संशय येणारच, आणि तो यावाही. पण संशय घ्यायचा म्हणजे माहिती दाबायची असं नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात स्तनांच्या कॅन्सरचा आणि हृदयविकाराचा धोका दिसला आणि त्यातला एक भाग मुदतीआधीच थांबवला. जगभर हार्मोनच्या गोळ्यांची धास्ती बसली. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. नंतर वयानुसार फेरतपासणी झाली. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, खरोखर त्रास असलेल्या आणि इतर धोका नसलेल्या बायकांना सहसा या उपचाराचा तोट्यापेक्षा फायदा जास्त, असं आता तज्ज्ञ मानतात. स्तनांचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा आजार झालेल्यांना किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असणाऱ्यांना हा उपचार सहसा देत नाहीत. पिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देऊन चालत नाही, जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं. हे सगळं बाईपुढं मांडा आणि तिला ठरवू द्या. 'आपलं शरीर, आपला निर्णय' ही घोषणा चाळिशीपर्यंतच चालते का?

मग करायचं काय?

आधी वही. पाळीची तारीख, किती दिवस, किती घड्या किंवा पॅड, झोप, मन, दुखणं. रोज एक ओळ, तीन महिने. लिहिता न येणारीनं कॅलेंडरवर खुणा कराव्यात. ही वही डॉक्टरपुढं ठेवली की 'टेन्शन' म्हणून वाटेला लावणं अवघड जातं.

मग साध्या तपासण्या: हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, रक्तदाब, धडधड असेल तर ईसीजी. पंचेचाळिशीनंतर हा काळ ओळखायला हार्मोनची महागडी तपासणी सहसा लागत नाही. हार्मोन रोज वर-खाली होत असताना एका दिवसाचा आकडा काय सांगणार?

जास्त रक्तस्रावावर ऑपरेशन हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. त्याआधी रक्त कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सामिक अॅसिडच्या गोळ्या आहेत, प्रोजेस्टेरॉन आहे, हार्मोन असलेली तांबी आहे. पंचेचाळिशीनंतर रक्तस्राव अनियमित असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासतात. कॅन्सरची भीती दाखवणाऱ्यानं ही तपासणी केली का, हे विचारायलाच हवं. वारंवार उन्हाळी आणि कोरडेपणा यांवर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. धरलेल्या खांद्याला व्यायाम आणि वेळ लागतो. झोप आणि वाफा यांना समुपदेशनाचा उपयोग होतो, फक्त त्याआधी बाईवर विश्वास ठेवावा लागतो. दिवसभर वाकून खुरपणं म्हणजे व्यायाम झाला असं नाही. हाडांना आणि स्नायूंना ताकदीचा वेगळा व्यायाम लागतो. नाचणी, तीळ, डाळी, पालेभाजी हवीच. जेवणाबरोबर चहा टाळावा, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पण सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या बाईला आहाराचा तक्ता देण्याआधी तिच्या घरातल्या ताटांची वाटणी बदलायला हवी. आणि पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावी लागते.

काही बाबतींत थांबायचं नाही: तासाभरात पॅड भिजणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणं, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभरही रक्त दिसणं, छातीत दुखणं किंवा धडधडीबरोबर भोवळ येणं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार. हे वयाचं म्हणून सोडू नका, लगेच डॉक्टरकडे जा.

आणि पिशवी काढायचा सल्ला मिळालाच, तर सही करण्याआधी हे पाच प्रश्न:

१. नेमका आजार कोणता? त्याचं नाव कागदावर लिहून द्या.
२. औषधानं किंवा तांबीनं का होणार नाही?
३. कॅन्सरची शंका असेल तर कुठली तपासणी केली?
४. अंडाशय ठेवणार की काढणार? काढणार तर का?
५. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेईपर्यंत थांबलं तर काय बिघडेल?

चौथा प्रश्न विसरू नका. पाळी जाण्याआधी दोन्ही अंडाशय काढले की जो बदल काही वर्षांत होतो तो एका दिवसात होतो आणि हाडं, हृदय यांचा धोका वाढतो. अंडाशय ठेवले तरी पिशवी काढलेल्या काहीजणींना हा काळ लवकर गाठतो.

आता गटांनी काय करायचं? आमच्या तालुक्यातल्या गटांनी मागच्या वर्षी एक ठराव केला. आजारपणाचं कर्ज कधीही अडवायचं नाही. पण पिशवीच्या ऑपरेशनसाठी अर्ज आला, तर गटातल्या दोघींनी त्या बाईबरोबर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या मतासाठी जायचं. जाण्या-येण्याचं भाडं गटाचं. निर्णय मात्र तिचा. असा ठराव प्रत्येक गटानं करावा. जिल्हा देखरेख समितीला पत्र लिहून बैठकांची टिपणं मागावीत. आशाताईंच्या प्रशिक्षणात हा विषय घालायची मागणी करावी. मुकादमाशी, कारखान्याशी उचलीची बोलणी होतात तेव्हा संडास, पाणी आणि बिनखाड्याच्या रजेची बोलणी व्हावीत. आणि आपल्या संघटनांच्या कार्यालयांत, जिथं चाळिशीतली कार्यकर्ती चिडली की आपण 'ती थकलीय' म्हणून तिला कामातून अलगद बाजूला करतो, तिथंही हा कागद भिंतीवर लावावा.

हा ठराव बैठकीत आक्कांनी मांडला. ३५,००० रुपये त्यांनी व्याजासकट फेडले, शेवटचा हप्ता त्याच बैठकीत भरला. मी उठून सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ताई, माफीचं राहू द्या. पुढचीला नीट विचारा." गटानं त्यांना खजिनदारपद परत देऊ केलं. त्यांनी ते घेतलं नाही. का घ्यावं? चोरीचा आळ गटानं ठरावानं घेतला नव्हता, आणि ठरावानं तो पुसलाही जाणार नव्हता.